धाकट्याची पत्रं

युद्धाच्या नवव्या वर्षी त्याला आघाडीवरून मागे पाठवलं. डाव्या कानाजवळ तोफेचा गोळा फुटला होता. त्या कानाने ऐकू येणं बंद झालं आणि चालताना तोल जायला लागला. बंदूक धरायला तो आता कुचकामी होता, पण हात शाबूत होते आणि अक्षर सुरेख. पलटणीत ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा, म्हणून सगळे त्याला कारकून म्हणत. त्या अक्षरामुळेच असेल, त्याची बदली राजधानीतल्या टपाल विभागात झाली.

विभाग एका जुन्या प्रसूतिगृहात होता. भिंतींना छातीपर्यंत फिकट हिरव्या फरशा होत्या आणि दारांवर खोल्यांचे आकडे. खाटा हलवून टेबलं मांडली होती, पण खाटांच्या पायांचे गंजके डाग जमिनीवर तसेच राहिले होते आणि प्रत्येक टेबल बरोबर चार डागांच्या मध्ये होतं. सहा नंबरच्या खोलीत आठजण बसत. सगळे आघाडीवरून जखमी होऊन आलेले. मोठ्याने कुणी बोलत नसे. सकाळी नऊपासून पाचपर्यंत नुसती टाकांची कुरकुर चाललेली असे.

विभागाच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी कारकुनाला समोर बसवून काम समजावलं. काही सैनिक अशा ठिकाणी असतात की तिथून पत्र येऊ शकत नाही. ठिकाण गुप्त असतं, किंवा वाट तुटलेली असते. इकडे घरची माणसं डोळ्यांत प्राण आणून वाट बघतात आणि खचतात. म्हणून त्यांच्या वतीने आपण लिहायचं. प्रत्येक माणसाची एक फाईल होती. तिच्यात अक्षर गिरवण्यासाठी त्याची दोन-तीन जुनी पत्रं, घरात कोण कोण आहे, कुणाला काय दुखतं, कुणाला काय म्हणून हाक मारतात याचा एक कागद, आणि घरून आलेली उत्तरं. ते परत आले की आपापलं लिहितील, असं बाई म्हणाल्या.

कारकुनाला त्यात वावगं काही वाटलं नाही. नऊ वर्षं त्याने हेच तर केलं होतं. तेव्हा सांगणारा समोर बसलेला असायचा, आता नसायचा, एवढाच फरक. उलट कान गेल्यावरही देशाला आपला उपयोग आहे याचा त्याला अभिमान वाटला. तो तसलाच माणूस होता. गल्लीतून सैन्यात नाव घालणारा पहिला तोच, वय वर्षं एकोणीस. पुढे बूट आले तर तळ निघालेले, औषधं आली तर मुदत संपलेली. बाकीचे शिव्या घालायचे आणि हा वरच्यांची बाजू घ्यायचा. "तू काय बाबा, सरकारचा जावई," असं म्हणून ते त्याला सोडून द्यायचे.

त्याच्याकडे सत्तावीस फायली होत्या. सकाळी तो एक बेकरीवाला होऊन बापाला लिहायचा, दुपारी एक शाळामास्तर होऊन बायकोला. शेजारच्या टेबलावर बसणारा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून तो पेंटर. त्याला पाटीची सवय अशी लागली होती की कोऱ्या कागदावर आधी प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक ठिपके दिल्याशिवाय त्याला सरळ लिहिताच येत नसे. लिहून झालं की तो ठिपके रबराने खोडायचा. खोलीतले बाकीचे त्याची चेष्टा करायचे, आणि तो म्हणायचा, ओळ वाकडी गेली की माणूस खोटा वाटतो.

तिसऱ्या महिन्यात कारकुनाला एक नवी फाईल मिळाली. त्याने नमुन्याची पत्रं बाहेर काढली आणि बघतच राहिला. अक्षर त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या पलटणीतल्या गाडीवानाची पत्रं होती ती, त्यानेच ओल्या खंदकात मांडीवर पाटी ठेवून लिहिलेली. गाडीवानाने सांगितलेलं आणि त्याने लिहिलेलं. गाडीवान दोन वर्षांपूर्वी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेला होता.

तो फाईल घेऊन बाईंकडे गेला.

"हा माणूस मेलाय, बाई."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"खड्डा मीच खणला होता."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग फाईलमधला दुसरा कागद त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. गाडीवानाच्या म्हाताऱ्या बापाला दम्याचा विकार होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. "त्यांना तुम्ही सांगणार का?" बाईंनी अगदी मायेने विचारलं. "सांगणार असाल तर आत्ता जा. मी अडवत नाही."

तो गेला नाही. टेबलाशी परत येऊन त्याने गाडीवानाचं पत्र लिहिलं. म्हाताऱ्याच्या हातात नेहमीचंच अक्षर पडणार होतं, नेहमीचीच भाषा. या विचाराने त्याला धीर आला आणि त्याच विचाराने त्याच्या अंगावर काटाही आला. उरलेल्या सत्तावीसांतले किती जिवंत आहेत, हे विचारायचं त्याने टाळलं. फार नसतील गेलेले, असं स्वतःला बजावलं आणि शाईची दौत भरून आणली.

सहा महिन्यांनी त्याने दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. अर्जावर घरचा पत्ता लिहायचा असतो. बाईंनी पत्ता वाचला, मग कपाटाशी जाऊन कसलीशी यादी काढून बघितली. परत येऊन त्या म्हणाल्या की समुद्राकाठी सैनिकांसाठी विश्रांतिगृह आहे, हवा छान आहे, तिकडेच का जात नाही? तो म्हणाला की आईने त्याला तीन वर्षांत पाहिलेलं नाही. बाईंनी सही केली, तारखेचा शिक्का मारला आणि चार दिवसांनी निघा म्हणाल्या.

घर म्हणजे सूतगिरणीच्या कामगारांच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे त्याची आई आणि धाकट्या भावाची बायको राहायच्या. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भावजयीला घरात धाकटीच म्हणायचे. ती धुलाईघरात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची आणि तिच्या हातांना कायम ऊन कापडाचा वास असायचा. धाकटा लग्नानंतर आठच आठवड्यांनी आघाडीवर गेला होता, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा. लहानपणापासून अडखळत बोलायचा, त्यामुळे मुळात बोलणंच कमी. घड्याळ कानाशी धरून तासन्‌तास बसेल, पण जेवायला काय हवं ते सांगणार नाही.

आईने कारकुनाच्या तोंडावरून हात फिरवला, कानाची चौकशी केली, थोडी रडली. मग लगेच म्हणाली, "अगं, याला त्याची पत्रं वाचून दाखव. ऐक तू. युद्धाने कसा बोलता केलाय बघ पोराला."

धाकटीने फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. ती वाचायला लागली. पत्रं दोन दोन पानांची होती. पहाटे धुक्यात उभ्या असलेल्या घोड्यांबद्दल लिहिलं होतं. आईच्या गुडघ्यांची चौकशी होती. एका पत्रात धाकटीच्या मानेवरच्या तिळाबद्दल काहीतरी होतं, तिथे ती एकदम थांबली, लाजली आणि दोन ओळी गाळून पुढे गेली. आई हसली. आठ आठवड्यांच्या संसारात जे बोलणं झालं नव्हतं ते सगळं या पत्रांत झालं होतं, असं धाकटी म्हणाली. महिन्यातून एकदा ती उत्तर लिहायची, तीही दोन पानी.

कारकुनाने एक पत्र हातात घेतलं. अक्षर धाकट्याचंच होतं, लहान आणि मागे झुकलेलं. तो कौतुकाने बघत होता. खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं येत होतं. त्या उन्हात कागदाच्या दोन्ही कडांना, प्रत्येक ओळीच्या टोकाशी, रबराने घासलेले बारीक बारीक डाग चमकले.

त्याने दुसरं पत्र घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे तेच.

दोन दिवस तो गप्प राहिला. रोज धाकटी कामावर गेली की तो डबा काढून बसायचा. चार पत्रं सोडून बाकी पंधरा ठिपक्यांची होती. ती चार तीन-तीन ओळींची होती. मी बरा आहे. इथे थंडी आहे. घड्याळ बंद ठेवू नका. पाचव्या पत्रापासून धाकटा बोलायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी रात्री तिघं जेवायला बसली असताना त्याने सांगितलं. आपण काय काम करतो, ते प्रसूतिगृह, त्या फायली, गाडीवान, पेंटर आणि त्याचे ठिपके, सगळं. सांगताना आपला आवाज इतका सरळ कसा येतोय याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. आईने ताटातला हात काढला नाही. धाकटी पांढरीफटक पडली.

"मग मला लिहितो तो कोण?" ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोस्टमन आला. धाकट्याचं पत्र होतं. धाकटी त्या दिवशी कामावर गेली नव्हती. तिने पाकीट फोडलं आणि आईने सांगितलं म्हणून मोठ्याने वाचलं.

दादा सुट्टीवर आला असेल, असं त्यात लिहिलं होतं. त्याला जपा. गोळा कानापाशी फुटला की माणूस वरून धड दिसतो, पण आतून बिथरतो. असे बरेच मी इथे पाहिले. आपली माणसं मेली आहेत असं त्यांच्या मनात बसतं. दादा माझ्याबद्दलही काही बोलेल. त्याच्यावर रागावू नका, वाद घालू नका. त्याला एकटं सोडू नका.

कारकुनाने पाकीट उचलून शिक्का बघितला. त्याने रजेचा अर्ज दिला त्याच दिवसाचा होता. तो अजून राजधानीतून निघालाही नव्हता, तेव्हाच त्याच्या घरी काय बोललं जाईल हे ठरून गेलं होतं.

आई उठली, चाचपडत त्याच्याजवळ आली आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. "सगळं ठीक होईल हं," ती म्हणाली. तिच्या आवाजातली सुटका ऐकून त्याला रडू आलं नाही, भीती वाटली. मग त्याच्याशी सगळे हळू बोलायला लागले. भाजी चिरायची सुरी दिसेनाशी झाली. तो जिन्यात गेला की मागून आईची पावलं यायची. खालच्या मजल्यावरचा सुतार गप्पा मारायला म्हणून येऊन दारातच बसायला लागला. चार वर्षांच्या पोराला विचारावं तसं धाकटीने त्याला विचारलं की दूध घेणार का.

रजा संपायच्या आधीच तो राजधानीत परतला.

प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात दुपारच्या सुट्टीत पेंटर एकटाच पाव खात बसायचा. पूर्वी तिथे तान्ह्या मुलांची दुपटी वाळत घालत, त्या तारा अजून होत्या. कारकून समोर जाऊन उभा राहिला. पेंटरने मान वर केली आणि पाव कागदात गुंडाळून ठेवला.

"ते पत्र लिहिताना बाई मागे उभ्या होत्या," तो म्हणाला. "तुझा भाऊ आहे हे मला त्याच दिवशी कळलं. फाईलवर नुसता नंबर असतो."

"पंधरा महिने लिहितोयस."

"हो."

"तिळाचं तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच लिहिलं होतं," पेंटर म्हणाला. "मला घरी कुणी नाही. महिन्यातून एक पत्र मला येतं, ते तिचं येतं. तुला काय सांगू? मी सगळा महिना त्यावर काढतो."

कारकुनाने मारायला हात उचलला होता, तो खाली आला. त्याने फक्त विचारलं, धाकटा कधी गेला? तेव्हा पेंटरने त्याला आत नेऊन ती गोष्ट दाखवली, जी सहा नंबरमधल्या जुन्या लोकांना ठाऊक होती आणि ज्याबद्दल कुणी बोलत नसे. फाईलच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद डकवलेला असे. पट्टीने तो उचकटला की खाली नोंद होती, तारीख आणि ठिकाण.

धाकट्याची तारीख सोळा महिन्यांपूर्वीची होती. ठिकाण एक टेकडी. ती टेकडी कारकुनाला चांगली ठाऊक होती. त्या दिवशी त्याची पलटण तिच्यापासून दोन कोसांवर होती. सकाळभर तिच्यावर धूर दिसत होता आणि संध्याकाळी रेडिओने सांगितलं की एकही माणूस न गमावता टेकडी जिंकली. सगळ्यांनी टोप्या उडवल्या होत्या. सगळ्यांत उंच त्याची गेली होती. पेंटरने कपाटातल्या आणखी फायली दाखवल्या. त्याच टेकडीच्या, त्याच तारखेच्या, एका फळीवर एकशे बारा.

नऊ वर्षांत त्याच्या आत एक गोष्ट ताठ उभी होती. बूट फाटले तरी, गाडीवान गेला तरी ती पडली नव्हती. तिथे उभ्या उभ्या ती पडली, आणि पडताना आवाजसुद्धा झाला नाही.

दुपारी बाईंनी बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "भावाचं पत्र यापुढे तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? घरच्यांना तेवढंच बरं."

"लिहितो," तो म्हणाला.

त्यांना संशय आला नाही. तो तसला माणूस नव्हताच.

दोन दिवस तो खाली मान घालून लिहीत राहिला. आपल्या अठ्ठावीस फायलींचे पुठ्ठे त्याने एकामागून एक उचकटले. सव्वीसांच्या खाली तारखा होत्या. दोघांच्या खाली काहीच नव्हतं, त्या दोघांना त्याने हात लावला नाही. बाकीच्यांना त्याने ज्याच्या त्याच्या अक्षरात, ज्याच्या त्याच्या हाकेने लिहिलं. बेकरीवाल्याने बापाला लिहिलं, शाळामास्तराने बायकोला, गाडीवानाने आपल्या म्हाताऱ्याला. सगळ्यांत शेवटी त्याने धाकट्याचं पत्र लिहिलं. अक्षर लहान, मागे झुकलेलं.

"आई, मी सोळा महिन्यांपूर्वी सतरा तारखेला टेकडीवर गेलो. त्रास झाला की नाही ते लिहिणाऱ्याला माहीत नाही, म्हणून लिहिलेलं नाही. यापुढे माझ्या नावाने पत्र आलं तर ते माझं नाही."

जुन्या माणसांची पत्रं कुणी तपासत नसे. त्याने सत्तावीस पाकिटं बंद केली, शिक्के मारले आणि टपालाच्या थैलीत स्वतः नेऊन टाकली.

नवव्या दिवशी सकाळी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात शाळामास्तराचं पत्र होतं. तिने कुणाला काही विचारलं नाही, नुसती उभी राहिली. दुपारपर्यंत पाचजण झाले. दुसऱ्या दिवशी इतरही आले, ज्यांना काहीच पत्र आलं नव्हतं ते. गाडीवानाचा बाप आला नाही. तो पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी गेला, हे कारकुनाला बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि ते ओझं त्याने कधी कुणावर ढकललं नाही.

त्याला पकडलं. तीन आठवडे प्रश्न विचारले. पण खटला भरायचा तर कोणतं पत्र खोटं आणि कोणतं खरं हे कागदावर मांडावं लागलं असतं. म्हणून त्याच्या हातात डोकं ठिकाणावर नसल्याचा दाखला देऊन त्याला घरी पाठवून दिलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. एका मनोरुग्ण सैनिकाने काही कुटुंबांना मनस्ताप दिला, एवढंच.

घरी आई त्याच्याशी प्रेमाने वागायची आणि त्या विषयावर बोलायची नाही. धाकट्याचं ते शेवटचं पत्र धाकटीने तिला वाचून दाखवलं होतं. ते थोरल्याने लिहिलंय, असं म्हणून आईने ते बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तिच्यासाठी दर महिन्याला पत्र येतच राहिलं. आता ठिपके नव्हते, लिहिणारा कुणी दुसरा होता. पेंटरचं काय झालं ते कळलं नाही.

एका रविवारी आई झोपलेली असताना धाकटी डबा घेऊन त्याच्यासमोर बसली.

"त्या पत्रात लिहिलं होतं तुम्ही सुट्टीवर आलाय म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे आम्हालाच माहीत नव्हतं, दादा. त्यांना कुठून कळलं असतं? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल."

तिने त्याला पत्रं वेगळी करायला सांगितली. त्याने चार एका बाजूला ठेवली, बाकीची दुसऱ्या बाजूला. लहान ढिगातलं वरचं पत्र उचलून तिने पुन्हा पुन्हा वाचलं. तीनच ओळी होत्या.

"यांना मी ओळखतच नव्हते," ती म्हणाली. "आणि ज्याला ओळखते तो कुणीच नाही."

तिने दोन्ही ढीग वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधले. टाकला एकही नाही. पुढे ती सासूला पत्रं वाचून दाखवायची, पण मान खाली घालून, कुठेही न अडखळता, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तशी. उत्तर मात्र तिने पुन्हा लिहिलं नाही.

हळूहळू लोक यायला लागले. त्या सव्वीस घरांतून कुणी कुणाला सांगितलं असेल. दूरदूरहून माणसं पत्रांची पुडकी घेऊन यायची आणि जिन्यात आपली पाळी येईपर्यंत थांबायची. सुतार आता त्यांना बसायला बाकडं द्यायचा. कारकून एकेक पत्र उजेडात धरायचा. सहा नंबरमधले सगळे हात त्याला पाठ होते. दुसरीही एक खूण होती. आघाडीवरच्या पत्रांत तपासनीस काही शब्दांवर काळी शाई फिरवायचे. विभागातल्या पत्रांत तसं खोडावं लागेल असं काही नसायचंच. इथपर्यंत त्याचं, इथून पुढे त्याचं नाही, एवढं तो सांगायचा. लोक मान हलवायचे, पुडकं पुन्हा बांधायचे आणि जायचे. रडणारे थोडे.

एकदा एक मध्यमवयीन लोहार आला. त्याच्याकडे एकच पत्र होतं, आठ दिवसांपूर्वीचं, मुलाचं. कारकुनाने ते बघितलं आणि त्याचे हात थांबले. कागद ओला होऊन वाळलेला होता. चार ठिकाणी काळी शाई फिरली होती. अक्षर घाईचं, ओळी उतरत गेलेल्या.

"हे त्याचंच आहे," तो म्हणाला. "तुमचा मुलगा आठ दिवसांपूर्वी जिवंत होता."

लोहाराने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही.

"तुम्ही तिथेच कामाला होता ना?"

"होतो."

"मग तुम्ही असंच म्हणणार."

कारकुनाने त्याला परोपरीने सांगितलं. कागद दाखवला, शाई दाखवली. लोहाराने शांतपणे ऐकून घेतलं, पत्राची घडी केली, खिशात घातली. जिन्यात थांबलेल्या लोकांनी त्याला वाट करून दिली. कुणीतरी हळूच विचारलं, काय म्हणाले? त्याने मान हलवली आणि म्हणाला, "गेला."